वर्ग, प्रकार आणि रिकामी यादी : संकेतस्थळावरील साधनसूचीची एक परीक्षा

इतिहाससाधनांच्या सूचीचें मोल तिच्यांत काय सांपडतें यावरून ठरविण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें तें, काय सांपडत नाहीं आणि कां सांपडत नाहीं, यावरूनहि ठरविलें पाहिजे. 'या विषयावर लेख उपलब्ध नाहीं' असें संशोधक लिहितो, तेव्हां विधान त्याचें असलें तरी आधार बहुधा सूचीचा असतो. सूचीनें कांहीं साधनें न सांगतां वगळलीं असतील, तर तिचा दोष संशोधकाच्या नांवावर जमा होतो व तेथून पुढील ग्रंथांत उतरतो. हल्लीं अशा सूची संकेतस्थळावर मांडण्याची वहिवाट पडली आहे व त्यासाठीं वर्डप्रेस ही रचनाप्रणाली पुष्कळ ठिकाणीं वापरतात. तिच्यांतील वर्गवार शोध इतिहासाच्या कामीं कितपत भरंवशाचा आहे, एवढाच प्रश्न आम्ही येथें घेतला आहे.

वर्डप्रेस २००३ सालीं प्रसिद्ध झालें, तें रोजची टिपणें प्रकाशित करण्याचें साधन म्हणून. त्यांतील मुख्य नोंद म्हणजे 'पोस्ट', अर्थात् लेख. जून २०१० मध्यें निघालेल्या ३.० या आवृत्तीपासून संपादकास स्वतःचे नोंदप्रकार सुलभतेनें करतां येऊं लागले. परिभाषेंत त्यांस 'कस्टम पोस्ट टाइप' म्हणतात. त्यामुळें शिलालेख, ताम्रपट, वंशावळ, नाणें असे निरनिराळे प्रकार करून प्रत्येकास त्याचे त्याचे रकाने देतां येतात. येथें एक भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. प्रकार म्हणजे वस्तु काय आहे तें. वर्ग म्हणजे ती कशाविषयीं आहे तें.

नाशिकजवळच्या त्रिरश्मि डोंगरांतील पांडवलेण्यांचें उदाहरण घ्यावें. तेथील १० व्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात याचा लेख आहे. ४२ व्या वर्षीं त्यानें लेणें संघास दिलें व ३,००० कार्षापणांची अक्षयनीवि ठेविली. पैकीं २,००० गोवर्धनांतील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेंकडा १ या व्याजानें, व १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेंकडा पाऊण या व्याजानें. पहिल्या रकमेचें वर्षाचें व्याज २४० होतें. वर्षावासांतील २० भिक्षूंस चीवरासाठीं प्रत्येकीं १२ हा लेखांतील हिशेब त्याशीं बरोबर जुळतो. हा लेख प्रकारानें शिलालेख खरा, पण विषयानें तो क्षत्रपांचा, बौद्ध संघाचा, दानधर्माचा, श्रेणींचा व सावकारीचाहि आहे. कपाटांत त्याचा ठसा एकाच जागीं ठेवावा लागतो. संकेतस्थळावर एकच नोंद पांचहि वर्गांत दाखवितां येते. हा या साधनाचा मोठा गुण आहे व तो आम्हांस मान्य आहे.

दोष पुढें दिसतो. समजा, 'श्रेणी' या वर्गांत ५ लेख व ९ शिलालेख नोंदले आहेत. वाचक त्या वर्गाचें पान उघडतो, तों त्यास ५ लेख दिसतात व शिलालेख एकहि दिसत नाहीं. शिलालेख या प्रकारास तो वर्ग रीतसर जोडलेला असूनहि असें घडतें. कारण वर्डप्रेसमधील मूळच्या 'कॅटेगरी' वर्गाचें पान, वेगळी आज्ञा नसल्यास, 'पोस्ट' एवढ्याच प्रकाराची चौकशी करतें. कोठें चुकीची सूचना येत नाहीं, कीं कांहीं वगळल्याची कबुली नाहीं. उलट संपादकाच्या अंतर्गत यादींत त्याच वर्गापुढें १४ हा आंकडा असतो. तो जोडलेल्या सर्व प्रकारांतील प्रसिद्ध नोंदी मोजून आलेला असतो. मालकास १४ दिसतात व पाहुण्यास ५, आणि दोघांचाहि समज आपण पूर्ण यादी पाहिली असाच होतो.

याच नाशिकांत व त्र्यंबकेश्वरीं तीर्थोपाध्यायांच्या नामावळींची जुनी पद्धति आहे. यात्रेकरू गांव, जात व आडनांव सांगतो आणि उपाध्याय वही काढून पूर्वजांचे लेख दाखवितो. कोणत्या मुलुखाचे व कोणत्या कुळाचे यजमान आपले, हें त्यास ठाऊक असतें. म्हणून नांव न निघाल्यास त्याचा अर्थ 'या वहींत नाहीं' इतकाच होतो. 'पूर्वज क्षेत्रीं आलेच नाहींत' असा होत नाहीं. यंत्राच्या सूचींत हा विवेक आपोआप येत नाहीं. रचणारानें तो घालावा लागतो.

घालण्याचे मार्ग दोन आहेत. पहिला, 'प्री गेट पोस्ट्स' या टप्प्यावर, म्हणजे चौकशी माहितीकोशाकडे जाण्यापूर्वीं, तिच्यांत इतर प्रकारांचीं नांवें भरणें. मात्र ही दुरुस्ती पानाच्या मुख्य चौकशीपुरती व संपादनकक्षाच्या बाहेरच राखावी. नाहीं तर पानावरील मेनूसारखे भागहि बिघडतात. दुसरा, 'विषय' नांवाची स्वतंत्र वर्गपद्धति निर्माण करून ती सर्व प्रकारांस जोडणें. अशा पद्धतीच्या पानावर जोडलेले सर्व प्रकार आपोआप येतात. शोधांतून मुद्दाम वगळलेले तेवढे येत नाहींत. आम्हांस दुसरा मार्ग अधिक पसंत आहे. पहिल्यांत उद्यां ताम्रपट हा प्रकार वाढविला, तर जुन्या आज्ञेंत त्याचें नांव भरण्याची आठवण कोणीतरी ठेवावी लागते. दुसऱ्यांत प्रकार जोडतांनाच संबंध नोंदला जातो.

सर्व प्रकार एकत्र आल्यानें यादी कालवली जाईल, हा आक्षेप खरा आहे. परंतु त्यावर उपाय वगळणें हा नव्हे. ज्यास शिलालेखच हवे त्यास प्रकार व वर्ग दोन्हीं निवडूं द्यावे. २०११ मधील ३.१ या आवृत्तीपासून 'टॅक्स क्वेरी'नें अनेक वर्गांच्या अटी एकत्र घालतां येतात. रंगनाथन् यांनीं १९३३ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोलन वर्गीकरणांत विषयाचे पैलू आधीं निराळे करून मग जोडण्याचें तत्त्व आहे. तेंच येथें उपयोगीं पडतें.

आणखी दोन खांचखळगे मराठी संपादकानें जाणावे. 'नाशिक' या वर्गाखालीं सिन्नर व त्र्यंबकेश्वर हे उपवर्ग असतील, तर 'कॅट' या अटीनें तेहि येतात, 'कॅटेगरी इन'नें येत नाहींत. दुसरें नांवांविषयीं. 'उषवदात' व 'ऋषभदत्त', 'नासिक' व 'नाशिक' हीं यंत्रास निरनिराळीं नांवें आहेत. शिवाय वर्गाच्या नांवावरून बनणाऱ्या पत्त्यांत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा व हलन्त धरून, ९ रोमन चिन्हांचें होतें व मर्यादा २०० ची असते. म्हणजे २२ चिन्हांपुढील नांव तुटतें. एकट्या 'त्र्यंबकेश्वर' शब्दाचींच १३ चिन्हें होतात. तेव्हां पत्ता आंखूड व हातानें दिलेला असावा, आणि एका नांवाचें एकच रूप ठरवून बाकीचीं नोंदींत पर्याय म्हणून द्यावीं.

सारांश, आमची मागणी लहान आहे. प्रत्येक वर्गाच्या पानावर कोणते प्रकार पाहिले व एकूण नोंदी किती, हें छापावें; आणि तो आंकडा अंतर्गत आंकड्याशीं ताडून पाहिल्याविना सूची प्रसिद्ध करूं नये. तसें होत नाहीं तोंवर संशोधकानें 'साधन नाहीं' असें न लिहितां, 'अमुक सूचींत, अमुक प्रकारांत, अमुक दिवशीं सांपडलें नाहीं' असें लिहावें. वाक्य लांबेल खरें, पण तेवढेंच त्यास सिद्ध करतां येण्याजोगें आहे.