आपोआप

आपोआप होणाऱ्या गोष्टींचं कोल्हापूरकराला वावडं नाही. आमच्या जिल्ह्याचा निम्मा पावसाळा या एका शब्दावर चालतो. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की दरवाजा आपला आपण उघडतो. कुणी साहेब येऊन कळ दाबत नाही की फीत कापत नाही. पण तो उघडला की साऱ्या जिल्ह्याला कळतं. कितव्या नंबरचा उघडला, किती वाजता उघडला, त्यातून १४२८ क्युसेक पाणी कसं सुटलं, हे चहाच्या गाड्यावरचं पोरगंही तोंडपाठ सांगतं. मग सगळ्यांचे डोळे राजाराम बंधाऱ्याकडे. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. चाळिशी ओलांडली की नदीकाठची मंडळी म्हशी हलवतात, गाद्या माळ्यावर टाकतात. पंचगंगा आपोआप चढते खरी, पण सांगून चढते.

हल्ली घरोघरी टेबलावर संगणक असतो आणि तोही आपोआप ‘अपडेट’ होतो. नाटकाचं परीक्षण होतं, कादंबरीचं होतं, मिसळीच्या कटाचं तर आमच्या गावात रोज सकाळी होतं. पण कोट्यवधी माणसं ज्या गोलगोल फिरणाऱ्या ठिपक्यांसमोर हाताची घडी घालून मुकाट बसतात, त्या प्रयोगाचं परीक्षण कुणी करत नाही. ते आज करू या.

आधी कथानक. संगणक चालवणारी मूळ प्रणाली, आपल्याकडे बहुतेकांची विंडोज, ही जुन्या वाड्यासारखी असते. कुठे वीट निसटलेली असते, कुठे कडी सैल झालेली असते, आणि ही गोष्ट मालकाच्या आधी चोराला कळते. मग कंपनी आपला गवंडी पाठवून भोक बुजवते. हेच ते अपडेट. मायक्रोसॉफ्टनं २००३ सालापासून यासाठी वारही धरला आहे, महिन्याचा दुसरा मंगळवार. वार धरण्याचं आम्हाला काय कौतुक? मंगळवार-शुक्रवार अंबाबाईला जाणाऱ्यांचं हे गाव. फक्त तिकडे मंगळवारी सकाळचे दहा वाजतात, तेव्हा इकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. तेव्हा वार त्यांचा मंगळवारचा आणि पारणं आमचं बुधवारी.

तर गवंड्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या वागण्याबद्दल. २९ जुलै २०१५ ला विंडोज १० आलं आणि त्यानं एक नवा रिवाज घातला. ‘होम’ नावाची घरगुती आवृत्ती घेणाऱ्याला अपडेट नाकारायची सोय उरली नाही. ‘प्रो’ घेणाऱ्याला ‘जरा थांबा’ म्हणायची थोडी मुभा होती. गॅसच्या सिलिंडरपासून आपली समजूत अशी, की घरगुती म्हटलं की सवलत असते. इथे उलटा न्याय. परक्याला ‘थांब’ म्हणता येतं आणि घरच्याला म्हणता येत नाही! (‘यात नवीन काय?’ असं आमच्या हिनं विचारलं. समीक्षकानं अशा प्रश्नांना उत्तर देऊ नये.)

शेजारचे वस्ताद तालमीतून निवृत्त झालेत, पण नजर अजून आखाड्याची आहे. त्यांना मी हा सगळा प्रकार समजावून सांगितला. ते म्हणाले, “कुस्तीत बी आधी सलामी असती. ह्यो गडी सलामी न घेताच पट काढायलाय.” इतकं नेमकं परीक्षण मलाही जमणार नाही.

२०१६ च्या मे महिन्यात तर कमाल झाली. जुनं विंडोज वापरणाऱ्यांच्या पडद्यावर ‘नवीन घ्या’ असा फलक येई. लोक कोपऱ्यातली फुली दाबत. फुली दाबली की फलक जाई, पण ठरवलेला मुहूर्त तसाच राही. म्हणजे फुली हाच होकार! स्थळ बघायला गेलेल्यांनी ‘कळवतो’ म्हटलं की आपण नकार समजतो. पण दार लावून घेतलं म्हणून साखरपुडा झाला, असं समजणारे व्याही आम्ही पाहिले नव्हते. कॅलिफोर्नियात प्रवाससंस्था चालवणाऱ्या एका बाई या न मागितलेल्या विंडोज १० वरून कोर्टात गेल्या आणि दहा हजार डॉलरचा निकाल घेऊन आल्या. आपल्याकडे असतं तर अजून तारीखच पडत असती.

आता भाषाशैली. काम चालू असताना पडद्यावर टक्के येतात. तीस टक्के झाले, संगणक बंद करू नका. कशाचे तीस? विटांचे, सिमेंटचे की आमच्या आयुष्याचे? पुरात फूट आणि इंच कळतात. इथे सत्तावीस टक्क्यांवर पाणी तासभर थबकतं आणि मग एकदम शंभर होतं. विंडोज १० चढवून झाल्यावर तर एक आश्वासन झळके, की तुमच्या सगळ्या फायली तुम्ही ठेवल्या होत्या तिथेच आहेत. पाहुण्यानं निघताना दारात वळून म्हणावं, ‘वहिनी, तुमची चांदीची भांडी होती तिथेच आहेत हं!’ वहिनी आत जाऊन भांडी मोजणारच. आणि ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटनं खरोखरच काही लोकांच्या कागदपत्रांच्या फायली पुसून टाकल्या. मायक्रोसॉफ्टला ते अपडेट मागे घ्यावं लागलं आणि दुरुस्त करून नोव्हेंबरात पुन्हा पाठवावं लागलं.

लोकांनी आरडाओरडा केला तसतशी किल्ली थोडी थोडी परत मिळाली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये ‘कामाचे तास’ सांगायची सोय झाली. सुरुवातीला जास्तीत जास्त बारा, पुढे अठरा. त्या तासांत संगणक स्वतःहून बंद होऊन चालू होणार नाही, असा करार. २०१९ च्या मे महिन्यापासून घरगुती माणसालाही एका वेळी सात दिवस, असं पाच वेळा मिळून पस्तीस दिवस अपडेट थोपवता येऊ लागलं. त्यानंतर मात्र आधी घ्या, मग पुन्हा थांबवा. तिसरी युक्ती म्हणजे आपलं इंटरनेट ‘मोजून-मापून’ येतं असं सेटिंगमध्ये सांगून ठेवायचं. मग तो बरीचशी अपडेटं आपणहून उतरवून घेत नाही. पाहुण्याला ‘आज दूध जरा कमीच आलंय’ असं सुचवण्यातला हा प्रकार. कोल्हापुरात दुधाबद्दल असं बोललेलं कुणाला खरं वाटायचं नाही, पण संगणकाला वाटतं.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग अपडेट कायमचं बंदच करून टाकू या! थांबा. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टनं एक भोक बुजवणारं अपडेट पाठवलं. पुष्कळांनी ‘नंतर बघू’ म्हटलं. १२ मे ला त्याच भोकातून ‘वॉनाक्राय’ घुसलं, फायलींना कुलूप लावून खंडणी मागू लागलं, आणि ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. २७ जूनला दुसरी लाट आली. तिनं आपल्या नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. संगणकाचा रोग साथीचा असतो. एकानं कडी लावली नाही तर चोर सगळ्या आळीत फिरतो. ‘माझा संगणक, माझी मर्जी’ हे वाक्य टाळ्या घेणारं आहे, पण खरं नाही.

म्हणून सक्ती या शब्दाला मी बिचकत नाही. याच गावात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोरगं शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा रुपया! पण ती सक्ती कायदा करून, जाहीर करून आणली होती. काय करायचं, न केल्यास काय होईल, हे पालकाला ठाऊक होतं. रात्री झोपेतून उचलून पोराला चौथीत बसवलेलं नव्हतं.

आणि सक्ती करणाऱ्यानं आपलं गवंडीकाम तपासून पाठवायला हवं. त्या २७ जूनच्या लाटेचा उगम कुठे होता? युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच! औषधाच्या बाटलीतूनच रोग आला. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट आपोआप पसरलं. कंपनीनं ते ७८ मिनिटांत मागे घेतलं, पण तेवढ्यात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक आडवे झाले होते आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनानं लिहिलेले बोर्डिंग पास आले. इतक्या वर्षांनी विमानतळावर सुवाच्य अक्षराला भाव आला, एवढीच त्या दिवसाची जमेची बाजू.

तेव्हा निकाल असा. कथानक उत्तम, हेतू चांगला. प्रवेश आणि भाषा सुमार. गवंड्यानं दार वाजवावं. काय बुजवणार ते साध्या शब्दांत सांगावं. चोरवाट बुजवायचं काम तातडीचं म्हणून वेगळं ठेवावं आणि घराला नवा रंग द्यायचं काम आमच्या सवडीनं करावं. बिघडलंच तर पूर्वीसारखं करून द्यावं. एवढं झालं तर ‘आपोआप’ला आमची ना नाही.

मौज म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा अपडेटांचा नेहमीचा रतीब संपला. दहा वर्षं ज्यांनी त्या ठिपक्यांना शिव्या दिल्या, तेच आता ‘अहो, अपडेट येत नाही, कसं व्हायचं?’ म्हणून हवालदिल झाले आहेत. वस्तादांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “जोड गेली म्हंजे असंच होतंय. ज्याच्यासंगं रोज भांडायचं, त्योच राखणदार हुता, हे मागनं कळतंय.”