मौन आणि मुकेपण

स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांतील चित्रपटांविषयीं लिहितांना आपल्याकडे बहुधा "लॅटिन" हें एकच विशेषण पुरेसें समजलें जातें. एकदां तें योजिलें कीं माद्रिद व रिओ या एकाच गांवच्या दोन आळ्या ठरतात. गोव्यामुळें पोर्तुगीज भाषेशीं आपला कांहीं शतकांचा शेजार झाला हें खरें. परंतु ब्राझीलच्या दुष्काळी मुलुखांतील गुराख्याच्या तोंडीं त्या भाषेची काय अवस्था होते, याची कल्पना त्या शेजारानें येत नाहीं.

व्हिक्टर एरिसे यांचा "एल एस्पीरितु दे ला कोल्मेना" (१९७३), म्हणजे "पोळ्याचा आत्मा", आणि नेल्सन पेरेइरा दोस सान्तोस यांचा "विदास सेकास" (१९६३), म्हणजे "कोरडीं आयुष्यें", हे दोन चित्रपट शेजारीं ठेवून पाहावे. दोहोंतील काळ १९४० च्या आसपासचा. दोहोंत एक कुटुंब व दोन मुलें. आणि दोहोंत माणसें फार थोडें बोलतात. एवढ्या साम्यावरून दोघांनाहि "काव्यमय मौनाचे" प्रशस्तिपत्र देऊन रसिक मोकळे होतात. माझ्या मतें या दोन गोष्टी एकमेकींच्या अगदीं उलट आहेत. एरिसे यांच्या चित्रपटांत मौन आहे, तर पेरेइरांच्या चित्रपटांत मुकेपण आहे.

एरिसे यांचा चित्रपट कास्तील पठारावरील ओयुएलोस या खेड्यांत घडतो. यादवी युद्ध १९३९ मध्यें संपलें आहे. गांवांत शिरतांनाच भिंतीवर विजेत्या पक्षाचें जूं व बाणांची जुडी हें चिन्ह दिसतें. बाप सुशिक्षित आहे. तो मधमाश्या पाळतो व रात्रीं त्यांच्याविषयीं टिपणें लिहितो. आई दूरच्या कुणाला पत्रें लिहिते. म्हणजे या घरांत शब्दांची वाण नाहीं. शब्द आहेत, ते कुणापाशीं बोलावे हाच प्रश्न आहे. आगगाडींतून उडी टाकलेला एक फरारी धाकट्या आनाला ओसाड खोपटांत सांपडतो. ती त्याला बापाचा कोट नेऊन देते. रात्रीं बंदुका उडतात. आपल्याला दिसतो तो दुरून चमकलेला उजेड. दुसऱ्या दिवशीं न्याहारीच्या वेळीं बाप खिशांतून घड्याळ काढून उघडतो, त्याचा मंजुळ नाद होतो, आणि तो मुलींच्या तोंडाकडे पाहतो. कोटाबरोबर गेलेलें हें घड्याळ परत कसें आलें, हें आना जाणते व तिनें जाणलें हें बाप जाणतो. कोणीहि अक्षर बोलत नाहीं. हा चित्रपट झाला तेव्हां फ्रँको जिवंत होता व सेन्सॉरची सत्ता चालू होती. ज्या मौनाचें चित्र काढावयाचें, त्याच मौनाच्या अमलाखालीं दिग्दर्शकास तें काढावें लागलें.

ब्राझीलकडे वळतांच सर्व बदलतें. "विदास सेकास" हा ग्रासिलियानु रामुस यांच्या १९३८ च्या कादंबरीवर बेतलेला आहे. ईशान्येकडील "सेर्तांव" नांवाच्या रुक्ष प्रदेशांतून फाबियानो, त्याची बायको व दोन मुलें अन्नपाण्याच्या शोधांत चालली आहेत. कादंबरींत मुलांना नांवें नाहींत. एक थोरला व एक धाकटा. नांव आहे तें कुत्रीला, "बालेया", म्हणजे देवमासा! पाण्याविना तडफडणाऱ्या मुलुखांत हें नांव ठेवणाऱ्याची थट्टा मोठी कडू आहे. फाबियानोला मजुरी म्हणून वासरांचा चौथा हिस्सा मिळावयाचा; बायको धान्यबियांनी जमिनीवर हिशेब मांडते, आणि मालकाचा हिशेब वेगळाच निघतो. फरक कसला? व्याजाचा. आपण फसलों हें फाबियानोस कळतें, पण तें सिद्ध करणारी भाषा त्याच्यापाशीं नाहीं. तो तक्रार करतो आणि लगेच माफी मागतो. येथें भय आहेच. परंतु भयाच्याहि आधीं दारिद्र्यानें जीभ काढून घेतली आहे. हा चित्रपट निघाला तेव्हां ब्राझीलमध्यें निरक्षरांस मताचा अधिकार नव्हता. तो १९८५ मध्यें मिळाला. ही गोष्ट ठाऊक नसेल तर फाबियानोचें अडखळणें हें केवळ एका भोळ्या माणसाचें स्वभावचित्र वाटेल.

थोरल्या मुलाचा प्रसंग तर विसरतां येत नाहीं. "नरक" हा शब्द त्यानें एका म्हातारीकडून ऐकला आहे. तो आईला अर्थ विचारतो. ती कांहींतरी सांगते. तूं तो पाहिलास काय, असें विचारतांच टोला बसतो. मग तो मुलगा बाहेर बसून तोच शब्द पुटपुटत भोंवतालच्या रानाकडे पाहत राहतो. चित्रणकारांनीं भिंगावर गाळणी न लावतां तें ऊन जसेंच्या तसें घेतलें आहे. पांढरें, डोळे दिपविणारें. संगीताच्या जागीं आरंभीं व शेवटीं बैलगाडीच्या चाकाची करकर आहे. ती ऐकवत नाहीं, आणि ती ऐकवूं नये हाच हेतु आहे.

संदर्भाचा अतिरेकहि होतो, हें मान्य केलें पाहिजे. माश्या म्हणजे स्पॅनिश प्रजा, षट्कोनी खिडक्या म्हणजे तुरुंग, फरारी म्हणजे प्रजासत्ताक, अशी किल्ल्यांची जुडी घेऊन एरिसे यांच्या चित्रपटाला कोडें समजणारे पंडित मला पेरेइरांच्या मालकाइतकेच हिशेबी वाटतात. आना त्या फराऱ्याकडे प्रतीक म्हणून जात नाहीं. गांवच्या सभागृहांत दाखविलेल्या फ्रँकेनस्टाईनच्या चित्रपटांतील राक्षस मुलीला कां मारतो, या प्रश्नानें ती पछाडली आहे. त्याच सभागृहांत, त्याच पडद्याखालीं, पुढें फराऱ्याचें प्रेत ठेवलेलें असतें. संदर्भ ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला येथें जो हादरा बसतो, तो कोणत्याहि किल्लीनें उघडणारा नव्हे.

शेवटीं आना रात्रीं खिडकीशीं उभी राहून डोळे मिटते आणि तिच्या आत्म्याला हांक मारण्याचे शब्द आपल्याला ऐकूं येतात: मी आना आहें. सेर्तांवच्या थोरल्या मुलाला असें सांगावयास नांवच नाहीं.