सगळे घेणारे सॉकेट

अंबडच्या बाजारपेठेत विजेच्या सामानाच्या दुकानात जाऊन सॉकेट मागितले, तर दुकानदार पूर्वी विचारायचा, "पाचचे की पंधराचे?" आता तो विचारत नाही. एक डबी पुढे सरकवतो आणि म्हणतो, "हे न्या, यात सगळे बसते." त्याच्या दृष्टीने यापेक्षा मोठी शिफारस नाही. प्लग आणि सॉकेटच्या रचनेत मागच्या पन्नास-साठ वर्षांत जे जे 'सुधारित' म्हणून आपल्या घरात आले, त्यातील बरेचसे याच एका वाक्यावर विकले गेले. ते वाक्य मला मान्य नाही. का मान्य नाही, हे सांगण्यासाठी आधी जुन्या पितळी थ्री-पिनकडे नीट पाहावे लागेल, कारण रोज हातात असूनही आपण तिच्याकडे कधी पाहिलेले नसते.

आपली गोल पिनांची थ्री-पिन ही मूळची इंग्रजांची. १९३४ साली ब्रिटनमध्ये बीएस ५४६ हे मानक निघाले, त्यातील पाच आणि पंधरा अँपिअरचे प्लग आपण घेतले. आज आयएस १२९३ या भारतीय मानकात त्यांनाच सहा आणि सोळा अँपिअर म्हणतात, पिना त्याच. लहान प्लगच्या फेज-न्यूट्रल पिना सुमारे ५.१ मिलिमीटर जाड आणि एकमेकींपासून १९ मिलिमीटर दूर. वरची आर्थ पिन ७.१ मिलिमीटर जाड आणि बाकी दोघींपेक्षा लांब. मोठ्या प्लगमध्ये हेच आकडे ७.१, २५.४ आणि ८.७ होतात.

आर्थची पिन जाड का, असे आमच्याकडच्या कोणत्याही वायरमनला विचारा. "जास्त करंट जायला," असे उत्तर येते. ते अगदी खोटे नाही, पण मुख्य कारण दुसरे आहे. जाड पिन फेजच्या भोकात शिरूच शकत नाही. प्लग कसाही उलटासुलटा धरा, अंधारात चाचपडत लावा, इस्त्रीचे लोखंडी अंग फेजला जोडले जाणार नाही. लांबीचे कारणही असेच. प्लग आत जाताना आर्थ सर्वांत आधी टेकते आणि बाहेर येताना सर्वांत शेवटी सुटते. म्हणजे यंत्रात वीज असण्याच्या प्रत्येक क्षणी त्याचे अंग जमिनीला बांधलेले. चांगल्या सॉकेटमध्ये याच लांब पिनेच्या रेट्याने आतले शटर बाजूला होते आणि मगच फेज-न्यूट्रलची भोके उघडतात.

या रचनेत कुठेही सूचना लिहिलेली नाही, रंग नाही, दिवा नाही. फक्त दोन मापे आहेत, जाडी आणि लांबी, आणि त्या मापांतून सॉकेट 'नाही' म्हणते. जोडणीच्या साधनाचा मोठा गुण मी हाच मानतो. दोन वायरी पिळल्या तरी जोड होतोच. रचनेचे कौशल्य नको ते न जोडू देण्यात असते.

ब्रिटनने स्वतः १९४७ मध्ये हा प्लग मागे टाकून चौकोनी पिनांचा, पोटात फ्यूज असलेला बीएस १३६३ आणला. त्यामागच्या समितीत कॅरोलाइन हॅस्लेट या एकट्या स्त्री होत्या आणि लहान मुलांच्या बोटांचा विचार तिथे आग्रहाने झाला, म्हणून शटर सक्तीचे झाले. आपण जुन्यावरच राहिलो. यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. जुना प्लग वाईट नव्हता. बिघाड नंतर झाला, आणि तो आपण केला.

पहिली पायरी होती पाच आणि पंधरा एकाच चेहऱ्यावर घेणाऱ्या सॉकेटची. सोय मोठी होती. फ्रिजसाठी वेगळा पॉवर पॉइंट नको. पण वरची मापे पुन्हा पाहा. लहान प्लगची आर्थ पिन ७.१ मिलिमीटर आणि मोठ्या प्लगची फेज पिनही ७.१ मिलिमीटर. स्वतंत्र सॉकेटमध्ये जाडीने दिलेली हमी दोघे शेजारी आल्याबरोबर गेली. आता चूक अडते ती केवळ भोकांमधील अंतरामुळे. दोन कुलुपांपैकी एक आपण काढून ठेवले.

दुसरी पायरी मोबाइलच्या चार्जरने आणली. त्याच्या दोन पिना युरोपच्या १९७५ सालच्या रचनेच्या, ४ मिलिमीटर जाड आणि फार तर अडीच अँपिअरसाठी केलेल्या. ही रचना मुळात चतुर आहे. दोन्ही पिना टोकाकडे किंचित एकमेकींकडे झुकलेल्या असतात, म्हणजे आत गेल्यावर त्या स्वतःच स्प्रिंगसारखा ताण धरतात. युरोपातील सॉकेटच्या मापात ते जमते. आपल्या ५.१ च्या भोकात ४ ची पिन हलत राहते. घरोघरी चार्जर सॉकेटमधून तिरका लोंबतो, कोणी त्याखाली पुस्तकांचा टेकू देतो, कोणी रबर बांधतो. माझ्या व्हर्निअरवर मी घरातले सगळे चार्जर मोजून पाहिले. पिना चारच्या आसपासच भरल्या. दोष चार्जरचा नव्हता आणि सॉकेटचाही नव्हता. दोन वेगळ्या मापांचे लग्न लावून देणाऱ्याचा होता.

तिसरी पायरी म्हणजे दुकानदाराची ती डबी. गोल, चपट्या, चौकोनी अशा सगळ्या पिना घेणारे युनिव्हर्सल सॉकेट. ते उघडून पाहिले की आत प्रत्येक भोकामागे पितळेची एकच पत्ती दिसते. तिला ४ मिलिमीटरची पिनही पकडायची आहे आणि त्याहून कितीतरी जाडही. जाड पिन एकदा जाऊन आली की पत्ती फाकते. त्यानंतर येणारी बारीक पिन आत जाते, पण धरली जात नाही.

धरली गेली नाही तर काय होते, याचा हिशेब साधा आहे. दोन धातू आपल्याला टेकलेले दिसतात तेव्हा प्रत्यक्षात ते काही सूक्ष्म टोकांवरच भेटत असतात. राग्नार होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञाने आपले बरेचसे आयुष्य या टोकांच्या अभ्यासात घालवले. दाब कमी झाला की ही टोके कमी होतात आणि अडथळा वाढतो. समजा सैल जोडात एक दशांश ओहम अडथळा आला. चार्जर जेमतेम एक दशांश अँपिअर घेतो. तिथे उष्णता नगण्य. म्हणून चार्जरने काही जळत नाही आणि आपण निश्चिंत राहतो. पण त्याच फाकलेल्या पत्तीत हजार वॅटची इस्त्री लावली की सव्वाचार अँपिअर जातात आणि त्या एवढ्याशा जागी जवळजवळ दोन वॅट उष्णता होते. दोन हजार वॅटच्या हिटरला साडेसात वॅटच्या वर. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, ही गोम आहे. पितळ तापते, स्प्रिंग आणखी मऊ पडते, अडथळा आणखी वाढतो. आमच्या घरी पाण्याच्या हिटरचे सॉकेट असेच एका हिवाळ्यात वितळले. एमसीबी पडला नाही, पडण्याचे कारणही नव्हते. करंट जेवढा हवा तेवढाच होता.

युनिव्हर्सल सॉकेटचा आणखी एक दोष तर दिसतच नाही. जर्मन पद्धतीच्या प्लगला आर्थची पिन नसते, आर्थच्या पट्ट्या त्याच्या कडांना असतात. त्याच्या दोन पिना ४.८ मिलिमीटर जाड आणि १९ मिलिमीटर अंतरावर, म्हणजे आपल्या सॉकेटमध्ये छान बसणाऱ्या. यंत्र चालू होते, सगळे समाधानी. कडांची आर्थ मात्र हवेत राहते. इथे सॉकेटने 'नाही' म्हणायला हवे होते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. गावात दहा देशांच्या पिनांच्या वस्तू येतात, त्यांचे प्लग बदलत बसायला कोणाकडे वेळ आहे, आणि गरिबाने काय करावे? मला तो मान्य आहे. नवरात्रात मत्स्योदरीच्या टेकडीखाली यात्रा भरते, तेव्हा पाल ठोकून बसलेला खेळणीवाला एक्सटेन्शन बोर्डात वायरीची उघडी टोके खुपसतो आणि काडेपेटीच्या काडीने ती घट्ट करतो. ती काडी ही आपल्या देशातील सर्वांत जास्त वापरली गेलेली स्प्रिंग असावी. तो मूर्ख नाही. पत्तीने जो दाब द्यायचा तो पत्ती देत नाही, हे त्याला उमगलेले आहे. जुन्या पितळी पिनेच्या टोकाला चीर असायची आणि पिन सैल झाली की आपले वडील स्क्रू ड्रायव्हरने ती चीर किंचित फाकवायचे. तीही हीच समज. लोकांना दाबाचे महत्त्व कळते. डबी विकणाऱ्या कारखान्याला ते कळत नाही असे नाही, पण 'घट्ट धरते' यापेक्षा 'सगळे घेते' हे वेष्टनावर जास्त खपते.

घर सोडून शेताकडे गेले की चित्र उलटे होते. तिथे सगळे घेणारे सॉकेट नाही, कारण सॉकेटच नाही. घरात वीस वॅटच्या चार्जरसाठी आपल्याकडे मानक आहे आणि पाच एचपीच्या थ्री-फेज मोटरसाठी वायरीची छिललेली टोके. डीपीपासून स्टार्टरच्या पेटीपर्यंत, किटकॅटपासून मोटरपर्यंत पिळलेली तार, फार तर एखादे थिंबल. रात्रीच्या पाळीची लाईट आली की ओल्या वाफ्यातून चालत जाऊन माणूस त्या पेटीत हात घालतो. आणि आकडा? कायद्याचा भाग बाजूला ठेवून केवळ रचना म्हणून पाहिले तर आकडा हा कोणालाही कधीच 'नाही' न म्हणणारा जोड आहे. कोणतीही तार, कोणताही फेज, कोणतेही हात.

यावर उपाय शोधायला दूर जावे लागत नाही. कारखान्यांत आणि मोठ्या बांधकामांवर निळे, लाल इंडस्ट्रियल प्लग दिसतात, आयईसी ६०३०९ या मानकाचे. निळा म्हणजे २३० व्होल्ट, लाल म्हणजे ४०० व्होल्ट. पण रंगावर त्यांची भिस्त नाही. आर्थ पिनेची जागा घड्याळाच्या तासांप्रमाणे ठरवलेली असते. व्होल्टेज किंवा पिनांची संख्या बदलली की मांडणी बदलते, अँपिअर बदलले की आकार बदलतो. चुकीचा प्लग चुकीच्या सॉकेटमध्ये ढकलूनही जात नाही. वर झाकण असते, त्यामुळे पाऊस आत जात नाही. जर्मनीत याच प्लगचा एक प्रकार मिळतो, ज्यात दोन फेज पिना एका चकतीवर बसवलेल्या असतात आणि स्क्रू ड्रायव्हरने ती चकती अर्धी फिरवता येते. का, ते आमच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही. मोटर उलटी फिरली की दोन वायरी अदलाबदल कराव्या लागतात, हे त्याला पाठ आहे. फरक इतकाच की तो हे पेटी उघडून, उघड्या टोकांशी करतो आणि तिकडे बंद प्लगच्या तोंडाशी होते. सबमर्सिबल पंपावर हजारो रुपये खर्च होतात, पण त्यासोबत असा प्लग-सॉकेटचा जोड आलेला मी आमच्या भागात पाहिलेला नाही.

आता या शेतांत सौर पंप आले आहेत. २०१९ मधील पीएम-कुसुम आणि २०२४ मध्ये राज्याने आणलेली 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना, यांमुळे मोसंबीच्या बागांच्या बांधावर निळ्या पाट्या उभ्या राहिल्या. पाच एचपीच्या पंपाला सुमारे पाच हजार वॅटचे पॅनेल. आणि प्रत्येक पॅनेलच्या मागे काळे, करंगळीएवढे दोन जोड. यांना सगळे एमसी-४ म्हणतात. माझ्या मते आमच्या शेतात आलेले हे पहिले खरे कनेक्टर.

मल्टी-कॉन्टॅक्ट या स्विस कंपनीने २००२ च्या सुमारास हा बाजारात आणला. ४ हा आकडा आतल्या ४ मिलिमीटर जाड संपर्कपिनेचा. आत साध्या पत्तीऐवजी झडपांसारख्या बारीक पात्यांची गोल पट्टी असते, त्यामुळे पिनेला एकाच वेळी अनेक ठिकाणी दाब मिळतो आणि अडथळा एक मिलिओहमपेक्षाही कमी राहतो. वरच्या हिशेबातील सैल सॉकेटच्या शंभराव्या हिश्शापेक्षा कमी. बाहेर दोन कान असतात, ते खट्ट करून अडकतात आणि सोडवायला साधन लागते. नुसत्या हाताने ओढून सुटू नये, हा हेतू. कारण पॅनेलची वीज डीसी, आणि ओळीने जोडलेल्या पॅनेलची मिळून काहीशे व्होल्ट. एसी सेकंदात शंभर वेळा शून्यावर येते म्हणून ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. चालू ओळीत जोड सोडला तर आगीची ज्योत दोन टोकांमध्ये उभी राहते.

इतकी विचारपूर्वक केलेली रचना, आणि तिलाही 'सगळे घेते' हा रोग जडला. एमसी-४ लोकप्रिय झाल्यावर तशाच दिसणाऱ्या जोडांची रीघ लागली. डबीवर 'एमसी-४ कम्पॅटिबल' लिहिलेले असते. सौर कनेक्टरचे आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६२८५२, जोडाची चाचणी कशी घ्यायची ते सांगते. पण सर्व कंपन्यांनी पाळावी अशी एकच आतली मापे ते ठरवून देत नाही. म्हणजे एका कंपनीचा नर आणि दुसरीची मादी खट्ट आवाज करून अडकतात, आत मात्र पात्यांचा दाब, धातूचा मुलामा आणि रबराची कडी यांचे काय जमले, ते कोणीच तपासलेले नसते. पहिल्या उन्हाळ्यात काही होत नाही. पाणी आणि ऊन आपले काम हळूहळू करतात. इथे पुन्हा जोडाने 'नाही' म्हणायला हवे होते आणि बाहेरच्या आकाराने 'हो' म्हटले.

माझ्या चुलतभावाच्या बागेत पंप बसवायला आलेल्या पोरांना मी हे विचारले. पॅनेलच्या वायरी एका कंपनीच्या जोडाच्या, कंट्रोलरकडे जाणारी केबल दुसऱ्या. "काका, बसते की," त्यांच्यातला एक म्हणाला आणि खट्ट करून दाखवले. मी त्याला दोन्ही जोडांवरची बारीक अक्षरे वाचायला लावली. त्याने वाचली, गालात हसला, आणि गाडीतून क्रिम्पिंगचा पाना आणायला गेला. पॅनेलच्या जोडाशी जुळणाऱ्या दोन जोड्या पिशवीच्या तळाशी निघाल्या. केबलची टोके कापून त्या बसवायला वीस मिनिटे लागली.

जाताना कापलेले दोन जोड त्याने पिशवीत टाकले. म्हणाला, पुढच्या शेतात लागतील.