देवनागरीची छपाई : डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची आज्ञापद्धती आणि मजकुराचे मूल्य

संगणकीय मराठीच्या चर्चेत कळफलक आणि फाँट यांना अग्रस्थान मिळते. प्रिंटरचा उल्लेख सहसा शेवटी येतो. वस्तुतः देवनागरीचा खरा कस कागदावरच लागला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक या संस्थेची स्थापना झाली आणि आयआयटी कानपूर येथे आरंभ झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान येथे विकसित झाले. त्या काळी कार्यालयांतून प्रचलित असलेले डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मुख्यतः रोमन अक्षरांसाठी घडविलेले होते. त्यामुळे ‘यंत्राने देवनागरीवर अन्याय केला’ असा अभिप्राय सहज दिला जातो. प्रिंटरची कार्यपद्धती तपासली असता हा अभिप्राय अपुरा ठरतो.

रोमन ‘ए’ छापण्यासाठी संगणक केवळ ६५ हा अंक पाठवितो. अक्षराचा आकार प्रिंटरच्या स्मृतीत असतो. ८० अक्षरांच्या ओळीला ८० बाइट पुरतात. जोडाक्षरे, रफार, वेलांट्या त्या स्मृतीत नसल्याने देवनागरीसाठी ग्राफिक्स आज्ञेचा मार्ग उरला. एप्सनच्या ईएससी/पी पद्धतीत २७ व ७५ या अंकांनंतर स्तंभांची संख्या दोन बाइटांत सांगावी लागते. इंचाला ६० ठिपके या प्रमाणात आठ इंचांच्या ओळीत ४८० स्तंभ येतात. ते २२४ आणि १ असे लिहितात, कारण दुसरा अंक २५६ ने गुणला जातो. त्यानंतरचा प्रत्येक बाइट म्हणजे आठ पिनांचा एक उभा स्तंभ होय. वरची पिन १२८ ची, तळाची १ ची.

या रचनेतील खरा दोष येथे आहे. ग्राफिक्स मजकुराला समाप्तीचे चिन्ह नाही. प्रिंटर केवळ मोजतो. बाइट कमी पडले, तर पुढील ओळीची आज्ञाच ठिपके म्हणून छापली जाते. जास्त झाले, तर उरलेले बाइट अक्षरे समजून कागदावर निरर्थक चिन्हे उमटतात. छपाई चालू असता प्रिंटर बंद करून पुन्हा सुरू केल्यास हेच घडते : बफर रिकामा होतो, आज्ञा विसरली जाते, परंतु संगणकाकडून स्तंभ येतच राहतात. २६ हा अंक प्रिंटरच्या दृष्टीने तीन पिनांचा साधा स्तंभ. डॉसमध्ये मात्र तो मजकूर-फाइलीचा शेवट. द्विमान पर्यायावाचून अशी फाइल प्रिंटरकडे पाठविली, की छपाई मध्येच थांबे.

आठ ठिपक्यांच्या उंचीत मात्रा, अक्षर व उकार नीट मावत नाहीत. दोन पट्टे घेतले, तर ८० बाइटांच्या जागी ९६० लागतात. बफर लवकर भरतो, प्रिंटर ‘व्यस्त’ असा संकेत देतो आणि संगणक खोळंबतो. पट्ट्यांमधील अंतर इंचाच्या एक नवमांशावर आणले नाही, तर नेहमीच्या एक षष्ठांश अंतरामुळे चार ठिपक्यांची पांढरी फट पडते आणि उकार अक्षरापासून तुटतो.

तरीही याच आंधळेपणाने देवनागरीला प्रवेश दिला, हे नाकारता येत नाही. केवळ अक्षरेच ओळखणाऱ्या प्रिंटरमध्ये तिला वाव मिळाला नसता. आक्षेप घ्यावयाचा तो वेगळ्या गोष्टीवर. कागदावरील आकार साधला म्हणजे भाषा संगणकात आली, ही समजूत यातून बळावली. १९९१ च्या ‘इस्की’ मानकाने अक्षराला संकेत दिला होता. सी-डॅकचे ‘इस्फॉक’ आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ यांत मात्र संकेत आकारांच्या तुकड्यांना होते. छपाई देखणी झाली. शोध, अकारविल्हे, फाँट-बदल ही कामे अडली. प्रकाशन-व्यवसायाची निकड पाहता ही निवड अनाकलनीय नव्हती, पण ती महाग पडली.

त्या वेळच्या फाइली आज उघडताना हा भेद स्पष्ट होतो. इस्कीतील मजकूर एका साध्या तक्त्याने युनिकोडमध्ये आणता येतो. फाँटबद्ध मजकुरासाठी त्या-त्या फाँटचा स्वतंत्र तक्ता लागतो. प्रिंटरकडे पाठविलेले स्तंभ तेवढेच जपलेले असतील, तर ते आधी छापावे लागतात आणि मग छायाचित्राप्रमाणे वाचून घ्यावे लागतात.