गुरुत्वाची गळती: ‘पाचवी मिती बाद’ या विधानाची तपासणी

१७ ऑगस्ट २०१७ रोजी लायगो-व्हर्गोने दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची गुरुत्वीय लहर टिपली. पाठोपाठ एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत त्या टकरीचा प्रकाशही दिसला. या एका घटनेने जास्तीच्या मिती बाद झाल्या, असे विधान विद्यार्थ्यांच्या टिपणांत सर्रास आढळते. मोजमाप एवढे सांगत नाही.

चार मितींच्या अवकाशकालात लहरीचा आयाम अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो. गुरुत्व पाचव्या मितीत झिरपत असेल तर तो अधिक झपाट्याने घटेल आणि लहरीवरून काढलेले अंतर दीर्घिकेच्या अंतरापेक्षा जास्त भरेल. पार्डो, फिशबाख, होल्झ व स्पर्गेल यांनी २०१८ मध्ये ही तुलना केली. मितींची संख्या ४ च्या अगदी जवळ आली.

आता त्रुटी पाहा. लहरीवरून अंतर सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे येते, पण अनिश्चितता पाव हिश्श्याहून कमी नाही. कुंभकोणमच्या वर्गात मी अँटेनाचे उदाहरण देतो: सिग्नल क्षीण आला, तर प्रेषक दूर आहे की त्याची अँटेना भलतीकडे वळलेली आहे, हे नुसत्या तीव्रतेवरून कळत नाही. इथे अँटेनाच्या जागी ताऱ्यांच्या कक्षेचा कल आहे. तो कल रेडिओ निरीक्षणांतून बराच आवरता आला. (नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीनेही या स्रोताचे रेडिओ उत्सर्जन टिपले.) शिवाय दीर्घिकेचे अंतर तिच्या वेगावरून काढायचे तर हबल स्थिरांक लागतो, आणि तो ६७ की ७३ हा वाद मिटलेला नाही.

खरा आक्षेप पल्ल्याचा आहे. कृष्ण ऊर्जेशिवाय विश्वाचा प्रवेग समजावणारे ड्वाली, गाबादाद्झे आणि पोराती यांचे २००० सालचे डीजीपी मॉडेल घ्या. त्यात गळती जाणवू लागते ती हजार कोटी प्रकाशवर्षांपलीकडे. तेरा भागिले हजार म्हणजे ढोबळमानाने एक टक्का. पाव हिश्श्याच्या त्रुटीत तो दिसणारच नाही. सपाट विश्वाचे डीजीपी मॉडेल मागे पडले ते सुपरनोव्हा, दीर्घिकांची मांडणी आणि सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी एकत्र ताडून पाहिल्यावर. त्याचे श्रेय २०१७ च्या लहरीला देऊ नये.

हिंगोली जिल्ह्यातील लायगो-इंडिया सुरू झाल्यावर स्रोताची दिशा अधिक नेमकी कळेल आणि यजमान दीर्घिका लवकर सापडेल. पण डीजीपीसारख्या कल्पनेसाठी शेकडो कोटी प्रकाशवर्षे दूरचे, दीर्घिका ओळखता येईल असे अनेक स्रोत लागतील.