रॉकेट सिंगची वही

शिमित अमीन यांचा 'रॉकेट सिंग: सेल्समन ऑफ द इयर' हा २००९ चा सिनेमा थिएटरात फारसा चालला नाही. तरी व्यापारी घरातल्या बायकांनी तो बघावाच. (नवऱ्यांनाही शेजारी बसवावं.)

कॉम्प्युटर विकणाऱ्या कंपनीत हरप्रीत नवा. गिऱ्हाइकाकडचा माणूस लाच मागतो, हा तक्रार करतो. शाबासकी कसली, मालक पुरी चारचौघांत त्याचा पाणउतारा करतो. पुरी काही आळशी नाही. पण त्याला दिसतो तो फक्त विक्रीचा आकडा. विकलेली वस्तू बिघडली की गिऱ्हाईक आणि त्याचं नशीब! मिक्सर बंद पडल्यावर फोन न उचलणारा दुकानदार आपण सगळ्यांनीच पाहिलाय. गिरीची तांत्रिक हुशारी, रिसेप्शनवरच्या कोयनाचं व्यवहारज्ञान पुरीच्या हाताशी असून वाया जातं. कोयना म्हणजे तर ऑफिसच्या लेखी शोभेची बाहुली. हीच वैतागलेली माणसं, चहा देणारा छोटेलालसुद्धा, त्याच ऑफिसात गुपचूप स्वतःची कंपनी काढतात आणि सेवा चोख देतात.

इथे माझं लेखक जयदीप साहनी यांच्याशी पटत नाही. कंपनीचं जे जे वापरलं त्याचा हिशेब हरप्रीत वहीत मांडतो, आणि सिनेमा त्याला तेवढ्यावर सोडून देतो. आपल्यात न दिलेलं घेणं म्हणजे अदत्तादान. वहीत लिहिलं म्हणून ते दिलेलं होत नाही. त्याच्या मनातली टोचणी जरा जास्त दाखवायला हवी होती.

पुरीचा शेवट मात्र अगदी पटतो. तो ती कंपनी एका रुपयात बळकावतो, पण गिऱ्हाइकांना दिलेले शब्द त्याच्याच्याने पाळवत नाहीत.