हायकू समजून घेताना

आपल्या कविसंमेलनांत आणि मुशायऱ्यांत तीन ओळींच्या कविता बऱ्याच ऐकायला मिळतात. कवी 'हायकू सादर करतो' म्हणतो, दोन ओळी वाचतो, क्षणभर थांबतो आणि तिसरी ओळ फेकतो. सभागृह 'वाह' म्हणते. दाद मिळाली म्हणजे हायकू जमला, असा समज त्यातून पक्का होतो. माझे म्हणणे असे की, पुष्कळदा ती दाद शेराला मिळालेली असते. हायकू लिहिलाच गेलेला नसतो.

हा गोंधळ समजण्यासारखा आहे. आपले कान शेरावर घडलेले आहेत. पहिला मिसरा एखादी गोष्ट मांडतो, दुसरा तिला उत्तर देतो आणि काफिया-रदीफ येताच अर्थ पुरा होतो. गझलेतला प्रत्येक शेर असा स्वयंपूर्ण असावा लागतो. सुरेश भट (१९३२–२००३) यांच्यामुळे मराठी रसिकालाही याची गोडी लागली. माधव जूलियन (१८९४–१९३९) यांनी फारसीतून मराठीत आणलेल्या रुबाईत पहिली, दुसरी आणि चौथी ओळ यमकाने बांधलेली असते, तिसरी मोकळी असते. विचार तिथे वळण घेतो आणि चौथ्या ओळीत संपतो. चारोळीही शेवटच्या यमकावर टाळी घेते.

हायकूचे मूळ वेगळे आहे. जपानमध्ये अनेक कवी एकत्र बसून रेंगा नावाची साखळी-कविता रचत. तिच्या ५-७-५ अशा सतरा ध्वनिघटकांच्या पहिल्या कडव्याला होक्कू म्हणत. बाशो (१६४४–१६९४), बुसोन (१७१६–१७८४) आणि इस्सा (१७६३–१८२८) यांच्या काळी हेच नाव होते. मासाओका शिकी (१८६७–१९०२) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे कडवे साखळीतून सोडवले आणि 'हायकू' हे नाव रूढ केले. म्हणजे शेर एकटाच पुरा होतो. होक्कूनंतर मात्र दुसरा कोणी बोलणार असे. साखळी सुटली, तरी त्या दुसऱ्याची जागा राहिली. आता तिथे वाचक बसतो.

हायकूची इतर अंगे यातूनच उलगडतात. किगो, म्हणजे ऋतुसूचक शब्द, वाचकाला काळवेळेत उभे करतो. किरेजी, म्हणजे तोडणारा शब्द, दोन चित्रांमध्ये थांबा आणतो. त्या चित्रांचे नाते कवी सांगत नाही. जपानी ध्वनिघटक आणि मराठी अक्षर एक नव्हे. म्हणून नुसती सतरा अक्षरे मोजून हायकू हाती लागत नाही.

हे मला उशिरा कळले. अब्बा गेल्यानंतरच्या पहिल्या पावसात मी लिहिले होते की, पाऊस सगळ्यांच्या दारी आला, येणारा एकटाच आला नाही. संमेलनात भरपूर दाद मिळाली. घरी परतल्यावर मात्र वाटले, ज्या छत्रीकडे पाहून हे सुचले, ती छत्री कवितेत कुठे आहे? मग पुन्हा लिहिले :

पहिली सर
कोपऱ्यात अब्बांची
कोरडी छत्री

यात 'अब्बा नाहीत' असे म्हटलेले नाही. 'पहिली सर' ऋतू सांगते, तिच्यानंतर थांबा आहे. छत्री कोरडी का, हे वाचकाने ओळखायचे. खाली 'आता कोणी भिजत नाही' अशी चौथी ओळ जोडून पाहा : टाळी येईल, छत्री जाईल. ही रचना मोठी आहे असा माझा दावा नाही. फरक दाखवण्यापुरतीच ती दिली.

यात शेराला कमी लेखण्याचा हेतू मुळीच नाही. दोन ओळींत एक दुनिया बंद करणे हे मोठेच काम आहे. पण एका प्रकाराची कसोटी दुसऱ्याला लावली, तर दोन्हींवर अन्याय होतो. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला. त्या रोपाला आपण शेराचे खत घालत राहिलो, तर उगवेल तो तीन ओळींत तोडलेला शेर.

नव्या कवींनी एक करून पाहावे. लिहून झाल्यावर शेवटच्या ओळीवर बोट ठेवावे. ती ओळ वरच्या दोन ओळींचा अर्थ सांगत असेल, तर बेलाशक शेर लिहावा. तिच्यामुळे आणखी काही दिसत असेल, तर हायकूची वाट सापडली आहे. आणि आपण श्रोत्यांनीही हायकू ऐकल्यावर 'वाह' म्हणण्याआधी थोडे गप्प राहावे. पुढचे कडवे आपलेच आहे.